सलाइन आणि तार : एका डॉक्टरची दोन कामे

रुग्णालयात दोन गोष्टी हल्ली कोणाच्या लक्षातही येत नाहीत. एक, खाटेशेजारच्या स्टँडवर टांगलेली सलाइनची बाटली. दुसरी, तपासणीच्या यंत्रामागून निघून संगणकाला जोडलेली वायर. बाटलीतून थेंबामागून थेंब शिरेत जातो आणि वायरमधून खुणेमागून खूण संगणकात जाते. एकीचा औषधाशी संबंध, दुसरीचा विजेशी. पण या दोन्हींच्या मुळाशी गेले, तर एकाच माणसाचे नाव भेटते. ते म्हणजे डॉ. विल्यम ब्रूक ओशॉनेसी. भारतात तारखाते उभारणारे हे गृहस्थ शिक्षणाने डॉक्टर होते.

ओशॉनेसींचा जन्म १८०९ मध्ये आयर्लंडमधील लिमरिक येथे झाला. वैद्यकाचे शिक्षण त्यांनी स्कॉटलंडमधील एडिंबरो विद्यापीठात घेतले आणि १८२९ मध्ये ते पदवीधर झाले. लंडनमध्ये दवाखाना काढावा असा विचार होता. पण तेथे वैद्यकी करण्यासाठी स्थानिक संस्थेचा परवाना लागे आणि एडिंबरोच्या पदवीवर तो मिळत नसे. तेव्हा या तरुणाने रसायनशास्त्राची वाट धरली. विषबाधेच्या प्रकरणांत रक्ताची, अन्नाची, औषधांची रासायनिक तपासणी करून देणे हा त्यांचा उद्योग झाला. लंडनच्या बाजारात मुलांसाठी मिळणाऱ्या रंगीत मिठाया त्यांनी तपासल्या. त्यांत शिसे, तांबे आणि पारा यांची विषारी संयुगे रंग म्हणून वापरलेली त्यांना आढळली. अन्नभेसळीविरुद्ध शास्त्रीय पुराव्यानिशी लिहिणाऱ्या सुरुवातीच्या डॉक्टरांत त्यांची गणना होते.

पटकीच्या रक्तात काय कमी होते?

१८१७ मध्ये बंगालमधून निघालेली पटकीची साथ देशोदेशी फिरत १८३१ च्या शरद ऋतूत इंग्लंडच्या संडरलँड बंदरात पोहोचली. माणूस सकाळी धडधाकट असे आणि रात्री मरण पावे. डोळे खोल जात, त्वचा सुरकुतून निळसर पडे, नाडी हाताला लागेनाशी होई. डॉक्टर मंडळी अशा रुग्णाची शीर कापून रक्त काढत, पारायुक्त औषधे देत, अफू देत. आधीच आटलेल्या शरीरातून आणखी रक्त काढण्याने रुग्ण मृत्यूच्या अधिक जवळ जाई. पण रोग नेमका काय करतो हेच माहीत नसल्याने उपचारही अंधारातच चालले होते.

डिसेंबर १८३१ मध्ये बावीस वर्षांचे ओशॉनेसी संडरलँडला गेले. रुग्णांचे रक्त घेऊन त्यांनी त्याचे पृथक्करण केले. निष्कर्ष साधा आणि स्पष्ट होता. रक्तातील पाण्याचा मोठा भाग नाहीसा झाला होता, क्षार कमी झाले होते आणि हेच क्षार रुग्णाच्या पांढऱ्या, पाण्यासारख्या जुलाबात सापडत होते. म्हणजे रक्तात कोठलेसे गूढ विष शिरले नव्हते, रक्तातून काहीतरी बाहेर गेले होते. जे गेले ते परत द्यावे, तोंडाने जमत नसेल तर शिरेतून द्यावे, असे त्यांनी सुचवले. प्राण्यांवर प्रयोग करून शिरेतून क्षारजल देता येते याचीही त्यांनी खात्री करून घेतली. 'लॅन्सेट' या वैद्यकीय साप्ताहिकात हे प्रसिद्ध झाले.

ही सूचना प्रत्यक्षात आणली ती एडिंबरोजवळच्या लीथ येथील डॉ. थॉमस लाटा यांनी. मे १८३२ मध्ये मरणासन्न अवस्थेतील एका वृद्धेच्या शिरेत त्यांनी क्षारजल सोडले. अर्ध्या तासात सुमारे ६ पाइंट, म्हणजे जवळजवळ साडेतीन लिटर पाणी गेले. हरवलेली नाडी परत आली, गार पडलेले हातपाय ऊबदार झाले, ती बाई बोलू लागली. लाटांनी तिला रुग्णालयातील कनिष्ठ डॉक्टरच्या स्वाधीन केले आणि ते विश्रांतीसाठी गेले. थोड्याच वेळात जुलाब आणि उलट्या पुन्हा सुरू झाल्या. दुसऱ्यांदा क्षारजल कोणी दिले नाही आणि साडेपाच तासांत ती गेली.

या घटनेत चूक विचाराची नव्हती. शरीरातून पाणी जाणे थांबले नव्हते, पण पाणी देणे थांबले होते. एकदा भरून काढले की झाले, ही समजूत जीवघेणी ठरली. लाटांनी पुढे इतर रुग्णांना वारंवार क्षारजल दिले आणि त्यांतील काही वाचले. मात्र त्या काळी निर्जंतुक द्रव, निर्जंतुक सुई या कल्पनाच नव्हत्या. उपचार बहुधा अगदी शेवटच्या घटकेला होई आणि क्षारांचे प्रमाणही पुरेसे नसे. लाटा १८३३ मध्ये वारले, साथ ओसरली आणि शिरेतून क्षारजल देण्याचा उपाय मागे पडला. डॉक्टर पुन्हा रक्त काढू लागले.

कलकत्त्यातील प्राध्यापक

त्याच वर्षी, १८३३ मध्ये, ओशॉनेसी ईस्ट इंडिया कंपनीच्या सेवेत सहायक सर्जन म्हणून बंगालला आले. १८३५ मध्ये कलकत्ता मेडिकल कॉलेज सुरू झाले आणि ते तेथे रसायनशास्त्र शिकवू लागले. या देशातील वैद्य आणि हकीम जी औषधे वापरत त्यांकडे त्यांनी तुच्छतेने पाहिले नाही. एकेक वनस्पती घेऊन तिचा गुण प्रयोगाने पडताळायचा, असा त्यांचा क्रम होता. भांग आणि गांजा यांवरील त्यांचे १८३९ मधील काम विशेष गाजले. आधी प्राणी, मग काळजीपूर्वक मात्रा ठरवून रुग्ण, असे टप्पे त्यांनी पाळले. धनुर्वातातील झटके त्याने सैल होतात, पिसाळलेला कुत्रा चावलेल्या रुग्णाचा जीव वाचत नसला तरी यातना कमी होतात, हे त्यांनी नोंदवले. जास्त मात्रेने होणारा भ्रमही त्यांनी लपवला नाही. या कामामुळे ते औषध युरोपच्या वैद्यकात पोहोचले. १८४३ मध्ये त्यांना लंडनच्या रॉयल सोसायटीचे सभासदत्व मिळाले.

१८३९ हे वर्ष आणखी एका कारणासाठी महत्त्वाचे. त्या वर्षी या प्राध्यापकाने कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानात बांबूंवरून कित्येक मैल लोखंडी तार फिरवली आणि तिच्यातून विजेने निरोप पाठवण्याचा प्रयोग केला. तारेच्या काही भागाऐवजी हुगळी नदीचे पाणीच विजेची वाट म्हणून वापरून पाहिले. इंग्लंडमध्ये कुक आणि व्हीटस्टोन यांचे तारायंत्र नुकतेच आले होते. मोर्सची वॉशिंग्टन ते बाल्टिमोर ही प्रसिद्ध तार अजून पाच वर्षे दूर होती.

एक तार, अनेक अक्षरे

ओशॉनेसींपुढील प्रश्न आजच्या संगणक अभियंत्यालाही ओळखीचा वाटेल. वर्णमालेत अक्षरे अनेक, पण तार एकच. प्रत्येक अक्षरासाठी वेगळी तार टाकायची तर खर्च परवडत नाही. मग एकाच तारेतून अक्षरे एकामागून एक पाठवायची. पण आलेला विजेचा धक्का म्हणजे कोणते अक्षर, हे पलीकडच्या माणसाला कसे कळावे?

त्यांनी पहिल्या प्रयोगात वापरलेली युक्ती अशी : दोन्ही टोकांना दोन अचूक घड्याळे ठेवायची आणि ती एकमेकांशी मिळवून घ्यायची. काटा ठराविक खुणेवर आला की पाठवणाऱ्याने विजेचा झटका सोडायचा. घेणाऱ्याने बोटांनी तो झटका ओळखायचा आणि त्या क्षणी आपल्या घड्याळाचा काटा कोठे आहे ते पाहायचे. तारेतून जात होता तो केवळ एक झटका. त्याला अर्थ येत होता वेळेमुळे. दोन्ही घड्याळांची चाल सारखी असेतोवर निरोप बरोबर, चाल बिघडली की सगळा निरोप निरर्थक.

संगणकाच्या सिरियल पोर्टमध्ये आजही हेच तत्त्व आहे. शुक्रवार पेठेतील एखाद्या तपासणी प्रयोगशाळेत रक्ताचे यंत्र संगणकाला जोडायचे असेल, तर बहुधा यंत्रामागे हे पोर्ट असते. १९६० मध्ये ठरलेल्या आरएस-२३२ या मानकाचे ते वंशज. यातून माहितीचे बिट, म्हणजे शून्य आणि एक, रांगेने एकामागून एक जातात. प्रत्येक अक्षराआधी 'सुरू' सांगणारा एक बिट, मग बहुधा ८ बिट माहितीचे आणि शेवटी 'संपले' सांगणारा एक बिट. घड्याळाची स्वतंत्र तार नसते. दोन्ही बाजूंनी वेग आधीच ठरवून घ्यायचा असतो. या वेगाचे एकक 'बॉड'. ते एमिल बोदो (१८४५–१९०३) या फ्रेंच तारखात्यातील अभियंत्याच्या नावावरून आले. प्रत्येक अक्षरासाठी पाच समान खुणा वापरण्याची त्यांची पद्धत १८७४ ची. वेग ९६०० बॉड ठेवला आणि एका अक्षराला १० बिट लागले, तर सेकंदाला ९६० अक्षरे जातात.

हे पोर्ट हाताळण्यासाठी प्रोग्रामरला आता विजेच्या पातळीवर उतरावे लागत नाही. पायथनसारख्या भाषेत 'पायसिरियल' नावाची तयार सॉफ्टवेअर लायब्ररी मिळते. पोर्टचे नाव सांगायचे, वेग सांगायचा, किती वेळ वाट पाहायची ते सांगायचे, पोर्ट उघडायचे, वाचायचे आणि काम संपल्यावर बंद करायचे. काम चार-सहा ओळींचे, पण खाचखळगे जुनेच. एका टोकाला ९६०० आणि दुसऱ्या टोकाला १९२०० असा वेग ठेवला, तर पडद्यावर अर्थहीन चिन्हे येतात. वाट पाहण्याची मर्यादा घातली नाही, तर यंत्र बंद पडल्यावर प्रोग्राम अनंत काळ ताटकळतो. आणखी एक गैरसमज फार होतो. एकदा वाचले की पूर्ण निकाल हाती आला, असे गृहीत धरले जाते. प्रत्यक्षात निकालाचा अर्धाच तुकडा आलेला असू शकतो. म्हणून शेवटची खूण येईपर्यंत तुकडे जमवत राहायचे असतात.

रुग्णालयात अशी चूक केवळ तांत्रिक राहत नाही. पोटॅशियमचा आकडा अर्धवट आला किंवा एका रुग्णाचा निकाल दुसऱ्याच्या नावावर चढला, तर औषधाची मात्रा चुकते. म्हणून प्रयोगशाळेतील यंत्रे बहुधा निकालाच्या प्रत्येक तुकड्यासोबत बेरजेचा ताळा पाठवतात. संगणकाने ताळा जुळवून 'मिळाले' अशी पोच द्यायची. जुळला नाही तर 'नाही' म्हणायचे, मग यंत्र तोच तुकडा पुन्हा पाठवते. पोच मिळेपर्यंत काम पुरे झाले असे मानायचे नाही.

बांबूवरची तार मुंबईपर्यंत

१८३९ चा प्रयोग यशस्वी झाला, पण त्यात कोणाला रस वाटला नाही. दहा वर्षे गेली. १८४८ मध्ये लॉर्ड डलहौसी गव्हर्नर जनरल म्हणून आले. त्यांना रेल्वे, तार आणि टपाल यांचे महत्त्व पटलेले होते. कलकत्ता ते डायमंड हार्बर अशी पहिली तार टाकण्याचे काम ओशॉनेसींकडे आले आणि १८५१ मध्ये ती चालू झाली. युरोपातील बारीक तार येथे टिकणार नाही हे त्यांनी आधीच ओळखले होते. वादळ, पाऊस, वाळवी, तारेवर बसणारे पक्षी आणि लोंबकळणारी माकडे, या सगळ्यांना पुरून उरेल अशी जाड लोखंडी सळई त्यांनी बांबूंवर चढवली. निरोप वाचण्यासाठी सुईचे छोटे, स्वस्त यंत्र त्यांनी स्वतः बनवले. सुई डावीकडे किंवा उजवीकडे हलायची आणि त्या हालचालींच्या क्रमावरून अक्षर ओळखायचे. म्हणजे येथेही दोनच खुणा, रांगेने.

या कामात त्यांचा उजवा हात होते शिबचंद्र नंदी. कलकत्त्याच्या टांकसाळीत ओशॉनेसींच्या हाताखाली काम करणारे नंदी तारायंत्र शिकले आणि देशातील पहिल्या भारतीय तारमास्तरांत गणले गेले. पुस्तकी शिक्षण बेताचे असलेल्या या माणसाने पुढे कित्येक मैलांच्या तारा उभारण्यावर देखरेख केली.

नोव्हेंबर १८५३ मध्ये मुख्य काम सुरू झाले. मार्च १८५४ मध्ये कलकत्त्याहून आठशे मैलांवरील आग्र्याला निरोप पोहोचला. तेथून ग्वाल्हेर, इंदूरमार्गे तार मुंबईला आली आणि मुंबईहून दख्खन ओलांडून मद्रासकडे गेली. नद्या, जंगले, घाट यांतून सुमारे चार हजार मैलांचे जाळे अवघ्या दीड वर्षाच्या आत उभे राहिले. फेब्रुवारी १८५५ पासून तार सामान्य लोकांसाठी खुली झाली. १६ शब्दांना दर ४०० मैलांमागे १ रुपया असा दर होता. गरिबाला तो परवडणारा नव्हता, पण व्यापाऱ्यांच्या दृष्टीने चमत्कारच होता. टपालाला जेथे दिवस लागत, तेथे कापसाचा भाव काही तासांत कळू लागला. १८५६ मध्ये ओशॉनेसींना 'सर' हा किताब मिळाला.

ही तार लोकांच्या सोयीसाठी टाकलेली नव्हती, हेही सांगायला हवे. कंपनीला राज्य हाकायचे होते, फौजा हलवायच्या होत्या. १८५७ च्या उठावात बातमी वेगाने पुढे गेल्याने ब्रिटिश सत्तेला सावरायला वेळ मिळाला. उठाव करणाऱ्यांनी ठिकठिकाणी तारा तोडल्या, त्या याच कारणाने.

सुईच्या यंत्राची उणीवही लवकरच समोर आली. सुईची हालचाल एकाने डोळ्यांनी वाचायची आणि दुसऱ्याने लिहून घ्यायची, यात चुका होत. मागे नोंद राहत नसे, त्यामुळे चूक कोठे झाली ते शोधता येत नसे. ओशॉनेसींनी आपल्याच यंत्राचा हट्ट धरला नाही. युरोपात जाऊन त्यांनी मोर्सची पद्धत पाहिली आणि १८५७ च्या सुमारास भारतात तीच लागू झाली. १८६० मध्ये ते निवृत्त होऊन परत गेले. पुढच्याच वर्षी त्यांनी ब्रूक हे आडनाव घेतले. ८ जानेवारी १८८९ रोजी इंग्लंडमधील साउथसी येथे त्यांचे निधन झाले.

एक कल्पना तरली, दुसरी बुडाली

त्यांच्या दोन कल्पनांचे नशीब पाहण्यासारखे आहे. तारेला राज्यकर्ते मिळाले, पैसा मिळाला, खाते मिळाले, शिकवून तयार केलेली माणसे मिळाली. म्हणून ती पसरली. देशातील तारसेवा थेट जुलै २०१३ पर्यंत चालली. क्षारजलाला असे कोणी मिळाले नाही. ज्या देशात पटकी कायम मुक्कामाला होती, त्याच देशात ही कल्पना मांडणारा डॉक्टर जवळजवळ तीस वर्षे राहिला. पण तोवर त्यांचे मन औषधी वनस्पतींकडे आणि मग विजेकडे वळले होते. दरम्यान यात्रा, बाजार, पलटणी आणि दुष्काळी छावण्या यांतून पटकी माणसे नेत राहिली. पंढरीच्या वाटेवरील गावांनाही तिचा तडाखा बसत असे. वारी जवळ आली की विहिरींत औषध टाकणे आणि पटकीची लस टोचणे, हे सोलापूर जिल्ह्याच्या आरोग्य खात्याचे कैक वर्षे मोठे काम होते.

रॉबर्ट कॉख यांनी १८८४ मध्ये कलकत्त्यात पटकीचा जंतू निश्चित केला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला लेनर्ड रॉजर्स यांनी त्याच शहरात शिरेतून क्षारजल देण्याची पद्धत सुधारली आणि मृत्यू बरेच घटवले. म्हणजे ओशॉनेसींची कल्पना मार्गी लागायला सुमारे सत्तर वर्षे गेली. त्यानंतरचा टप्पा साखरेचा. आतड्यात मीठ आणि ग्लुकोज एकत्र असले, की दोन्ही हातात हात घालून आत जातात आणि पाणीही ओढून नेतात. जुलाब चालू असतानाही ही वाट उघडी राहते. १९७१ मध्ये बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या बनगाव येथील छावणीत सलाइन संपत आल्यावर डॉ. दिलीप महालनाबिस यांनी मीठ-साखरेचे पाणी पिंपांतून वाटले. रुग्णांचे नातेवाईकच ते पाजत होते. तेथील मृत्यूचे प्रमाण ४ टक्क्यांच्या खाली आले. शिरेतूनच दिले पाहिजे असे नाही, तोंडानेही देता येते, ही ओशॉनेसींच्या सूचनेची दुसरी बाजू अशी सिद्ध झाली.

पावसाळ्यात घरात कोणाला पाण्यासारखे जुलाब लागले, तर पहिले काम हेच. ओआरएसचे पाकीट १ लिटर स्वच्छ पाण्यात पूर्ण मिसळावे. अर्धे पाकीट, अर्धे पाणी असा अंदाज करू नये. पाकीट नसेल तर १ लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ घालावे. चमचा चहाचा घ्यावा. घोट घोट पाजावे. उलटी झाली तर दहा मिनिटे थांबून पुन्हा सुरू करावे. तान्ह्या बाळाचे अंगावरचे दूध बंद करू नये. लघवी कमी झाली, डोळे खोल गेले, रुग्ण सुस्त झाला, पाणी पोटात टिकेना किंवा जुलाबातून रक्त आले, तर वेळ न घालवता दवाखाना गाठावा.

एक वाटी पाजली, रुग्णाला जरा हुशारी आली, म्हणून थांबू नये. लीथच्या त्या वृद्धेला हुशारी आलीच होती. प्रत्येक जुलाबामागे पुन्हा पाणी द्यावे आणि लघवी नेहमीसारखी होईपर्यंत देत राहावे. शरीराकडून येणारी पोच हीच.